फाइलवालीचं कुंकू

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ते गेले, तेव्हाही नाही. मुलींना नाही, नातीला नाही. मंडळातल्या मैत्रिणींना तर नाहीच, त्यांच्या कानावर घातलं असतं तर चहाच्या वेळेपर्यंत साउथहॅम्प्टनला पोचलं असतं. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही समोर बसलेले नाही, तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही — म्हणून असेल.

तर कार्डिफ. ऐंशीचं दशक सरत आलेलं. हे हॉस्पिटलात डॉक्टर, मुली शाळेत आणि मी घरी. एकमेकांना चिकटलेली घरं, पुढच्या खिडक्यांना जाळीचे पडदे. त्या पडद्यांआडून आम्ही सगळे सगळ्यांवर नजर ठेवायचो. कोणाकडे नवा सोफा आला, कोणाचा नवरा आला नाही. पुण्याहून येताना मी दुसरं काही विसरले असेन, ही विद्या मात्र विसरले नव्हते.

आणि मग ती योजना आली. एका कंपनीला आमची अख्खी रांग पाडून तिथे फ्लॅट्स आणि मजल्यामजल्यांचा कार पार्क उभा करायचा होता. चॅपलच्या मागच्या खोलीत मीटिंगा सुरू झाल्या. काय भांडायचे! मिस्टर ह्यूज, आमचे रिटायर्ड पोस्टमन आणि अध्यक्ष, म्हणायचे, "माझ्या आईनं ह्या पायऱ्या गुडघ्यावर बसून घासल्या आहेत." त्यावर समोरचा गॅरेथ म्हणायचा, "आता मीही घासू का? दुसरं काम तरी कुठे आहे ह्या शहरात?" शेवटी एक ठरलं — कोणीही एकट्यानं घर द्यायचं नाही. द्यायचं तर सगळ्यांनी, नाही तर कोणीच नाही. ह्या ठरावाचे मिनिट्स कोणी लिहिले? मी. कमिटीची सेक्रेटरी. अक्षर चांगलं म्हणून नेमलं, असं मिस्टर ह्यूज म्हणाले. लिहिणारी बाई बोलत नाही म्हणून नेमलं असावं, असा माझा संशय.

बोलत नव्हते, हे मात्र खरं नाही. ते पुढे येईलच.

आमच्या शेजारी प्रॉसरबाई. विधवा, सत्तरीच्या. लग्न होऊन ह्याच घरात आलेल्या. कचऱ्याचा बिन कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, गॅसची शेगडी कशी पेटवायची, डॉक्टरच्या बायकोनं दारात उभं राहून केस विंचरले तर लोक काय म्हणतात — सगळं मला त्यांनी शिकवलं. मला फ्लू झाला तेव्हा आठवडाभर मुलींना शाळेतून त्याच आणायच्या. मला 'बाख' म्हणायच्या. वेल्समध्ये लाडानं म्हणतात तसं, आपल्या 'बाळ'सारखं. दोन मुलींची आई मी, आणि मला बाळ!

आता बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. प्रॉसरबाईंचं कौतुक करत बसले की पुढचं लांबतं.

कंपनीनं एक मुलगी पाठवली होती. करेन. हातात निळी फाइल, पायात टाचेचे बूट. ती प्रत्येक दारावर गेली आणि प्रत्येकानं दार लावलं. माझ्याकडे आली. तेव्हाची मी — काय ते ध्यान! साडीवर कार्डिगन, आणि डोक्यात लंडनजवळचं ब्रॅकनेल. तिथल्या माझ्या मैत्रिणीच्या, सुलभाच्या नवऱ्यानं कंप्युटरच्या नोकरीवर सुटं घर घेतलं होतं. पुढे ड्राइव्हवे, मागे सफरचंदाचं झाड. दर फोनवर त्या झाडाला किती सफरचंदं लागली ते मला ऐकावं लागे. मी करेनला आत घेतलं. ती तीनदा आली. तिसऱ्या वेळी घर द्यायच्या कागदावर ह्यांची सही तयार होती. हे रात्रपाळी करून आले होते. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. अट एकच — कंपनी सांगेपर्यंत कोणाला बोलायचं नाही.

तो दिवाळीतला शुक्रवार होता. करेन निघाली. बोटात लग्नाची अंगठी. आता सवाष्ण घरातून तशीच कशी जाऊ द्यायची? शेजाऱ्यांना फसवायला माझा हात थरथरला नाही, पण हळदीकुंकवाविना सवाष्ण पाठवायला थरथरला! मी तिला थांबवलं, कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली, चिवड्याची पुडी दिली. ती खूश. तशीच दारातून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून गाडीत बसली. गोऱ्या कपाळावर एवढं मोठं लाल कुंकू. भर दुपारी. त्या पडद्यांच्या रस्त्यावर.

माझ्या लक्षात आलं का? छे! मी आतमध्ये स्वयंपाकघराच्या नव्या फरशीचा रंग ठरवत होते.

पुढच्या मीटिंगला मिस्टर ह्यूजनी कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. रांगेतल्या एका घरमालकानं होकार दिला आहे — नाव नाही. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग, एकेक करून, माझ्याकडे. स्वाभाविकच होतं. सगळ्यांत नवे आम्ही, सगळ्यांत सावळे आम्ही. माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर तिच्यावर घेतलेला हा संशय अन्याय ठरला असता. माझ्या बाबतीत तो बरोबर होता.

मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण ती फाइलवाली मुलगी मी प्रॉसरबाईंच्या दारात पाहिली."

शब्दन् शब्द खरा होता, हे लक्षात घ्या. करेन त्यांच्या दारात गेलीच होती, पहिल्या दिवशी. प्रॉसरबाईंनी तिच्या तोंडावर दार लावलं, तेही मी पडद्यातून पाहिलं होतं. तेवढं सांगितलं नाही.

नेहमीप्रमाणे प्रॉसरबाई आत चहा करत होत्या. ट्रे घेऊन बाहेर आल्या. मिस्टर ह्यूजनी विचारलं, "ग्वेन, ती पोरगी तुझ्याकडे आली होती?"

"आली होती," त्या म्हणाल्या. "मी दार लावलं."

त्या ट्रे घेऊन फिरल्या आणि एकानंही कप उचलला नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मी आजोळच्या गोष्टींतून ऐकलं होतं. ते चॅपलच्या खोलीत, चहाच्या ट्रेभोवती बघेन असं वाटलं नव्हतं. ट्रे माझ्यापुढे आला. त्या थांबल्या. जरा जास्तच थांबल्या. एक कप — एक कप उचलला असता तर? मी म्हणाले, "नको, मला ॲसिडिटी आहे."

त्यानंतर त्यांच्याशी कोणी बोलेना. दुकानात त्या आल्या की बोलणी बंद. मुलींनी विचारलं, आपण त्यांच्याकडे का जात नाही? मी सांगितलं, त्या दमल्या आहेत.

वर्षाच्या आत घर विकून त्या बहिणीकडे बॅरीला निघाल्या. कंपनीला नाही विकलं — एका शाळामास्तराला. रस्त्यानं ते बघितलं, पण माफी मागायला कोणी गेलं नाही. सामानाची व्हॅन आली त्या दिवशी सगळे पडद्यांआड. मी तेवढी बाहेर गेले, बेसनाचे लाडू घेऊन. निर्लज्जपणाला माझ्यात तोटा नव्हता.

त्या भाच्याच्या गाडीत बसल्या होत्या. मांडीवर माझाच आदल्या दिवाळीचा डबा, घासूनपुसून ठेवलेला. तो माझ्या हातात दिला. लाडू घेतले. मग आपलं बोट दोन भुवयांच्या मधोमध टेकवलं.

"त्या पोरीला शोभत होतं हं, बाख," त्या म्हणाल्या.

गाडी गेली. मी डबा धरून फुटपाथवर उभी होते. त्यांना माहीत होतं. ट्रे घेऊन माझ्यापुढे थांबल्या तेव्हाही माहीत होतं. माझ्याकडे नुसतं बोट दाखवायचं होतं, ते त्यांनी खोलीभर माणसांसमोर दाखवलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीनंच गाशा गुंडाळला. कार पार्क झाला नाही, ड्राइव्हवे झाला नाही. मी अजून त्याच घरात आहे. मिनिट्सची वहीही माझ्याकडेच आहे. त्या संध्याकाळच्या पानावर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, 'एका रहिवाशाने माहिती दिली.' खाली चहाबद्दल प्रॉसरबाईंचे आभार मानलेत.