नकाशातला कोरा पट्टा

बाबा सिंगापूरला आले ते गुडघ्यांमुळे. पुण्यातलं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. मी खूप मागे लागले तेव्हा काही महिन्यांसाठी यायला तयार झाले. हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी खिडकीजवळची खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात खालच्या मार्केटमधल्या मासेवालीशी ओळख करून घेतली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बांगडा दोघांनाही कळत होता.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलं की त्यांना थंडी वाजायची. माझी मुलगी त्यांची चेष्टा करायची, कारण आजोबा अंटार्क्टिकाला राहून आलेत हे तिला माहीत होतं. ते मफलर गुंडाळत म्हणायचे, तिथली थंडी कोरडी असते गं, ही अंगात शिरते.

बाबा हवामान खात्यात होते. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास त्यांना तिकडच्या भारतीय केंद्रावर वारा, तापमान, हवेचा दाब यांच्या नोंदी घ्यायला पाठवलं. तिथला लांबलचक हिवाळा काढून ते परत आले तेव्हा मला त्यांचा चेहरा नीटसा ओळखू आला नव्हता. घरात त्या काळाबद्दल फारसं बोललं जात नसे. आईने ते सगळे महिने एकटीने रेटले होते, आणि त्याचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मी त्यांच्याकडे तिथला एक दगड मागितला होता आणि ते रिकाम्या हातांनी आले, एवढं मात्र मला पक्कं आठवतं. मी रडले तेव्हा त्यांनी मला जवळ घेऊन सांगितलं, तिथलं काही उचलून आणायचं नसतं. मला ते कारण अजिबात पटलं नव्हतं.

त्यांचे गुडघे दाखवायला आम्ही नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर भले होते. ऑपरेशनची इतक्यात गरज नाही, व्यायाम करा, चालत राहा, असं त्यांनी सांगितलं. खालच्या औषधांच्या दुकानात मी आपण होऊन सांध्यांसाठी काहीतरी शोधत होते. तिथल्या मुलीने लाल गोळ्यांची बाटली पुढे केली. क्रिल ऑइल. बाबांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि त्यांना हसूच आलं. हे तर पेंग्विनचं खाणं, म्हणाले. मग तिथेच उभं राहून त्यांनी मला सांगितलं की क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखा लहानसा जीव, आणि तो खाणाऱ्या पेंग्विनांच्या वस्तीतला बर्फ त्यांच्या विष्ठेने गुलाबी होतो. वास इतका, की वस्ती दिसण्याआधी नाकाला कळते. दुकानातल्या मुलीला काही समजत नव्हतं, तरी तीही हसत होती.

बाटली परत ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "पण इतक्या लांबून हे पकडून आणतं कोण?"

उत्तर मला माहीत होतं. मी जिथे काम करते ती कंपनी मासेमारी जहाजांसाठी सॉफ्टवेअर बनवते. समुद्राचं तापमान, पाण्याचा रंग, बर्फाची कड, हे सगळं उपग्रहांकडून घ्यायचं आणि क्रिलचे थवे कुठे दाटलेले असतील ते जहाजाला नकाशावर दाखवायचं. हे काम माझ्याच टीमकडे होतं. फोनवर मी बाबांना नेहमी 'जहाजांचं सॉफ्टवेअर' एवढंच सांगत आले होते, कारण त्यापलीकडे कुणी विचारत नाही. परतताना एमआरटीत मी त्यांना सगळं सांगितलं. जहाज कमी भटकलं की डिझेल कमी जळतं, म्हणून मला या कामाचं समाधान होतं, आणि तेही मी सांगितलं. ते रागावले नाहीत. डिझेलचं खरं आहे, म्हणाले. मग एक-दोन स्टेशनं गेल्यावर त्यांनी विचारलं, तो नकाशा मला दाखवशील का?

रविवारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. नकाशावरचा तो अंटार्क्टिकाचा पश्चिमेकडचा किनारा बाबांनी पाहिलेला नव्हता. भारताचं केंद्र त्या खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला आहे, आणि ते त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण किनाऱ्याला लागून गेलेला गडद लाल पट्टा त्यांनी बराच वेळ पाहिला. थवे सर्वांत दाट तिथे, हे मी समजावलं. त्यांनी विचारलं, मग पेंग्विन कुठे आहेत? माझ्या नकाशावर पेंग्विन नव्हतेच. ते दाखवायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी ते पहिल्यांदा सविस्तर बोलले. बर्फाच्या कडेला त्यांचं जहाज सामान उतरवत होतं तेव्हा त्यांनी पेंग्विनांची ये-जा पाहिली होती. पिल्लू लहान असतं तेव्हा आईबापांपैकी एक त्याच्याजवळ थांबतो आणि दुसरा समुद्रावर जातो. त्याला फार लांब जाता येत नाही. पोट भरून वेळेत परत आलं तरच पिल्लू जगतं. मग म्हणाले की त्यांच्या मुक्कामाचे शेवटचे दिवस कचरा वेचण्यात गेले. आधीच्या लोकांनी टाकलेले डबे, तारा, फुटकी पिंपं, सगळं बर्फात गोठून बसलं होतं. शास्त्रज्ञ, डॉक्टर, स्वयंपाकी, सगळे कुदळी घेऊन ते उकरून काढत होते आणि जहाजावर चढवत होते. हात सोलून निघाले. "पण इतकं मनापासून दुसरं कुठलंच काम केलं नाही मी," बाबा म्हणाले. "जागा होती तशी परत द्यायची, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी संशोधकांनी सर्वांसाठी खुली ठेवलेली पेंग्विनांच्या वस्त्यांची माहिती शोधली आणि आमच्या नकाशावर टाकली. एकेक ठिपका त्या लाल पट्ट्याच्या काठावर जाऊन बसला.

माझी बॉस सिंगापूरचीच, चिनी, माझ्याहून थोडी मोठी. पिल्लांच्या महिन्यांत हा पट्टा नकाशावर कोरा ठेवू या, असं मी तिला म्हटलं. तिने ठिपके नीट पाहिले. ग्राहक आपल्याकडे क्रिल सापडावं म्हणून येतो, न सापडावं म्हणून नाही, असं ती शांतपणे म्हणाली. शिवाय हे काम गेलं तर टीममधल्या चौघांचे एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचे परवाने, धोक्यात येतील, त्यात माझाही. ती घाबरवत नव्हती. हे सगळं तिला खरोखर सांभाळायचं होतं. शेवटी म्हणाली, मी तुला अडवणार नाही, पण मीटिंगमध्ये तूच मांड.

पास जाणं म्हणजे मुलीची शाळा, हे घर, सगळंच. मी नवऱ्याशी बोलले. त्याने चहा होईपर्यंत विचार केला आणि म्हणाला, बोलून टाक, पुढचं पुढे बघू. मुलीला त्यात अवघड काहीच दिसलं नाही. "सिंपल लाह, आई. जस्ट डोन्ट शो देम द क्रिल."

मीटिंगला ग्राहकाकडून दोघं आले होते. एक तरुण मॅनेजर आणि एक साठीचा गृहस्थ, उत्तरेकडच्या थंड देशातला, आयुष्यभर जहाजाचा कप्तान राहिलेला आणि आता कंपनीची जहाजं कुठे जातील ते ठरवणारा. मी नकाशा दाखवला, ठिपके दाखवले, आणि माझं म्हणणं मांडलं. मॅनेजर म्हणाला, आम्ही नाही गेलो तर दुसरे जातील. ते खोटं नव्हतं. कप्तानाने मात्र वेगळंच विचारलं. पिल्लाला सोडून फार लांब जाता येत नाही, हे मला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, त्यांनी तिथे एक हिवाळा काढलाय. मला त्यांना भेटायचंय, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. इथे तिला वेसाक म्हणतात. सकाळी आम्ही सगळे विहारात जाऊन आलो होतो आणि बाबा अजून पांढऱ्या सदऱ्यातच होते. कप्तान आला, दारात बूट काढले आणि बाबांनी पुढे केलेली खिरीची वाटी घेतली. पहिला बराच वेळ दोघं वाऱ्याबद्दलच बोलत होते. बाबांचं इंग्रजी ऑफिसातलं, कप्तानाचंही कामापुरतं, पण हातांनी वादळं काढून दाखवताना दोघांचं अडत नव्हतं. त्याने वाटी पुन्हा भरून घेतली. मग बाबांनी सरळ विचारलं, "पिल्लं असतात तेवढे महिने तुम्हाला दुसरीकडे नाही का जाता येणार?"

कप्तानाने वाटी खाली ठेवली आणि एक आठवण सांगितली. एकदा अशाच एका खाडीच्या तोंडाशी त्याचं जहाज होतं, खाली क्रिलचा थवा इतका दाट की यंत्रावर मावत नव्हता. आणि चारी बाजूंनी पेंग्विन पाण्यात उड्या घेत होते. त्याने जहाज वळवलं. मालकांना हवामान खराब असल्याचं कळवलं. पुढच्या हंगामात त्याच जहाजावर दुसरा कप्तान होता आणि तो आत गेला. "तो वाईट माणूस नव्हता," कप्तान म्हणाला. "त्याला मासे पकडायला पाठवलं होतं. जे माझ्या मनात होतं, ते माझ्याबरोबरच जहाजावरून उतरलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणून ते नकाशातच असायला हवं."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जसा ते जुन्या सहकाऱ्यांच्या खांद्यावर ठेवत.

पुढे सगळं आम्हाला हवं तसं झालं नाही. कप्तानाच्या कंपनीच्या मालकांनी पिल्लांच्या महिन्यांत तो पट्टा कोरा ठेवायला होकार दिला, पण मी सुचवली होती तेवढी रुंदी ठेवली नाही. हिवाळ्यातल्या मासेमारीबद्दल, जेव्हा व्हेल तिथे रेंगाळलेले असतात, त्यांनी काहीही कबूल केलं नाही. काम आमच्याकडे राहिलं, पासही राहिले. बॉसने आणखी एका ग्राहकाला हाच कोरा पट्टा दाखवला, आणि तो उठून गेला. तिने मला ते कधी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाकडून मला ते कळलं. त्या दिवशी मी तिला जेवायला नेलं, आणि दोघींनी फिशबॉल नूडल्स खात मुलांच्या परीक्षांच्या गप्पा मारल्या.

बाबा गुडघे बरे झाल्यावर पुण्याला परतले. मासेवालीने त्यांना जाताना सुकट बांधून दिली.

त्यानंतरचा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा मी ऑफिसात रोज सकाळी जहाजांचे ठिपके बघत असे. कप्तानाच्या कंपनीची जहाजं पट्ट्याच्या बाहेर थांबत होती. एक दिवस एक जहाज आत गेलेलं दिसलं. ते आमच्या ग्राहकाचं नव्हतं. त्याला अडवणारं तिथे काहीच नव्हतं. मी बाबांना फोन केला आणि सांगितलं. त्यांनी तिथला वारा कुठला आहे ते विचारलं. मी बघून सांगितलं, पश्चिमेचा, वाढतोय.

"मग बर्फ किनाऱ्याला येऊन लागेल," बाबा म्हणाले. "निघावं लागेल त्याला. उद्या बघ आणि मला सांग."