पायाळू तानाबाईची लाथ

माझी सासू तानाबाई, म्हणजे आमची आत्ती, तोंड उघडायला लागली की गल्लीतली कुत्रीबी बोळ बदलतात. पण कंबरेत चमक भरली की अर्धं कोल्हापूर तिच्याच दारात. का, तर आत्ती पायाळू. आईच्या पोटातनं पाय पुढं करून आलेली. असल्या माणसानं दुखऱ्या पाठीला लाथ लावली की उसण पळते म्हणतात. आणि दारात आलेल्याला पायाळूनं न्हाय म्हणायचं नसतं.

आत्तीला तर ते लई आवडायचं. चांगले मिशीवाले बाप्ये अंगणात पालथे पडायचे, आणि ही पदर खोचून म्हणायची, "लई माज आलाता न्हवं?" मग सणसणीत लाथ. लोक वर पाया पडून जायचे!

मी हाडांच्या दवाखान्यात आयाचं काम करते. तिथं पाठीच्या कण्याचा प्लॅस्टिकचा सापळा टांगलाय. मणक्यावर मणका, मधी मऊ चकत्या, आतनं पायाकडं उतरणाऱ्या नसा. मी बजावून थकले, "आत्ती, चकती सरकलेली असली आणि तुम्ही लाथ घातलीसा तर माणूस कायमचा लोळागोळा होईल." त्यावर उत्तर काय? "तुझा सापळा तुझ्यापाशी ठेव, वर्षाराणी."

गेल्या महिन्यात चौघांनी गणपतरावांना उचलून आणलं. आत्तीचा सख्खा दीर, भिंतीपल्याड राहणारा. माझे सासरे गेले तवा हा घरात टीव्ही लावून बसलेला. सख्ख्या भावाच्या तिरडीला खांदा दिला न्हाई मेल्यानं! तवापासनं दोघांत शिव्यांशिवाय शब्द न्हाई. मलाबी तो माणूस डोळ्यासमोर नको वाटतो, खोटं कशाला बोलू.

दुधाचा कॅन उचलताना कंबर धरली होती. त्यांची बायको बयाबाई रडत होती, "पाय उचलंना झालाय गं. मुंग्या आल्यात. सकाळपासनं लघवीबी न्हाई."

लघवी न्हाई म्हटल्यावर मी गर्दीतनं पुढं घुसले. दवाखान्यात असला पेशंट आला की डॉक्टर पळत येतात. मी वरडले, "आत्ती, नस दाबलीय! लाथ मारू नगासा, पाय जातील त्यांचं!"

पण गल्ली जमलेली. कोण म्हणतंय मार, कोण म्हणतंय, "आता कशाला मारंल ती? दुखत ठेवून दावा साधायला बरा गावलाय की." आत्तीनं पदर खोचला. पाय उचलून त्यांच्या कंबरेवर ठेवला. तिचं तोंड रागानं लालभडक झालेलं. मी तिचा हात धरला, तर तिनं झटकला.

"बोल की आता, गणप्या," ती म्हणाली. "कुठं गेला तुझा तोरा?"

गणपतराव मातीत तोंड घालून कण्हत होते. आत्तीचा पाय तिथंच अडला. मारावं तर हा जन्माचा पांगळा, आणि न मारावं तर पायाळूनं सूड काढला म्हणून गल्ली थुंकणार. शेवटी तिनं पाय खाली घेतला आणि सगळ्यांवर खेकसली, "मी पायाळू न्हाय! माझा भाऊ होता पायाळू. सासरी मला कोण कुत्र्यागत विचारत नव्हतं, म्हणून मी खोटं सांगितलं. झालं समाधान? उचला ह्याला!"

तिची सगळी पत मातीत गेली. आणि खालनं गणपतरावांचा आवाज आला.

"मला ठाव हाय, वैनी. तुझ्या भावानंच सांगितलंतं, तुझ्या लग्नात."

एवढ्या वर्षांची भांडणं, एवढ्या शिव्या, पण हे एक त्यांनी कधी तोंडातनं काढलं नव्हतं.

"मग मराया आलास कशाला हितं?"

"तू लाथ घातल्याबिगर आपलं मिटणार हाय व्हय?" ते म्हणाले. "घाल की. दादाला खांदा दिला न्हाई मी."

आत्तीचे डोळे भरले. तिनं ते पदरानं खसाखसा पुसले आणि माझ्यावर वसकन ओरडली, "बघतीस काय, ॲम्ब्युलन्स बोलीव!" मग त्यांच्याकडं वळून म्हणाली, "एका लाथंत मिटवाया निघालाय भाड्या! असं स्वस्तात न्हाय मिटत."