ताण कमी करा

कारखान्यात त्यांना सगळे ताणकाका म्हणत. बावीस वर्षं एकच काम. प्लास्टिकची पातळ फिल्म गरम करायची आणि दोन रोलरांमध्ये धरून पाचपट ताणायची. मग तिला विजेचा जबरदस्त झटका दिला की झाली ती जागी! नुसतं बोट टेकवलं तरी स्वतःच वीज देते. "न ताणलेली फिल्म म्हणजे जेवून झोपलेला जावई," काका सांगायचे. "कितीही हलवा, हूं नाही की चूं नाही."

त्या दिवशी इस्पितळाची माणसं येणार होती. गादीखाली फिल्मची पट्टी ठेवून रोग्याचे ठोके मोजायचा त्यांचा बेत होता. पट्टी पसंत पडली तर ठीक, नाहीतर काकांचं मशीन भंगारात. आणि नेमकी त्याच सकाळी मशीनवर नव्या साहेबांची चिठ्ठी: 'डॉक्टर म्हणतात, ताण कमी करा.'

डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. "बाईंना झालंय तरी काय?" काका धुसफुसले. पण हुकूम तो हुकूम. ताण पाचपटीवरून दुपटीवर आणला.

दुपारी साहेब स्वतः हौसेने गादीवर आडवे झाले. पडद्यावर सरळ रेघ.

"अरेरे, हे तर गेले!" एक पाहुणा म्हणाला.

साहेब दचकून उठून बसले. रेघ तशीच. काकांनी साहेबांची चिठ्ठी डॉक्टरबाईंपुढे धरली.

"ताण कमी करायला सांगितलं कोणी?" डॉक्टरबाई कडाडल्या.

"तुम्हीच ना?" साहेब चाचरले. "सकाळी एका बाईंचा फोन आला. 'डॉक्टर म्हणतात, ताण कमी करा' एवढंच बोलल्या आणि ठेवला."

काकांनी कपाळावर हात मारला. परवाच ब्लड प्रेशर बघून घरच्या डॉक्टरांनी बायकोसमोर हेच बजावलं होतं. "अहो, ती आमची ही!"

पाहुण्यांना चहावर बसवून काका मशीनकडे धावले. घाई केली तर फिल्म फाटते, जास्त तापवली तर आळसावते. पण हात बावीस वर्षांचा होता. पाचपट ताण, झटका, पट्टी तयार. या वेळी गादीवर काका स्वतः झोपले, आणि रेघ टुणटुण उड्या मारायला लागली.

"पट्टी पसंत आहे," पाहुणे म्हणाले. "पण काका, ठोके फारच पळताहेत."

मशीन वाचलं! काकांना रडूच फुटलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"अहो, ताण कमी केलात ना?"

"केला होता गं सकाळी," काका पडल्यापडल्याच डोळे पुसत म्हणाले. "साहेबच गेले."