पिशवीखालचं पोट

भांडगावच्या म्हाळू कोळप्यांना त्यांच्याच एडक्यानं धडक दिली, तेव्हा ते हसले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस. मेंढरांमागं फिरणं वडिलांच्या काळातच सुटलं, पुढं शेती आली; तरी आठ-दहा मेंढरं त्यांनी दारात ठेवली होती. वाकून पाणी ओतताना टक्कर बेंबीच्या वर बसली. कातडीला ओरखडाही नव्हता. दुखण्याची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी ते उसाला पाणी द्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोट फळीसारखं कडक झालं आणि हिरवी उलटी झाली. त्यांच्या बायकोनं, सुषमाबाईंनी, शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना दौंडच्या दवाखान्यात नेलं. आतडं फुटलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला सांगितली, ती सुषमाबाईंनी केली.

तीन तासांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर रश्मी बाहेर आल्या. "आतडं शिवलंय, पण पोट शिवलेलं नाही. उघडंच ठेवलंय."

"उघडं? माणसाचं पोट उघडं ठिवत्यात व्हय?"

"ठेवावं लागतं. पोटभर पू होता, आतडी सुजलीत. आता ओढून शिवलं तर आत दाब वाढेल, लघवी बंद पडेल, श्वास घेता येणार नाही. सलाइनची रिकामी पिशवी कापून वरून शिवून टाकलीय. परवा पुन्हा आत घेऊ, धुऊ."

सुषमाबाईंना काचेपलीकडं नेलं. म्हाळू बेशुद्ध होते, तोंडात नळी. पारदर्शक प्लास्टिकखाली आतडी दिसत होती. सोललेली मेंढरं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती, त्यामुळं तो रंग लगेच ओळखू आला. त्या बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.

एक दिवसाआड म्हाळूंना आत नेत. धूत, नवी पिशवी लावत. मधेच ताप चढे, मूत्रपिंडं मंदावत. दर वेळी सुषमाबाईंना वाटे, या खेपेला पोट मिटेल. चौथ्या खेपेनंतर डॉक्टर म्हणाल्या, "सूज उतरलीय, पण पोटाचे स्नायू दोन्हीकडं सरकलेत. ते आता जुळायचे नाहीत. मांडीची कातडी काढून आतड्यांवर बसवावी लागेल."

"आन् मग बरं हुईल?"

"जगतील. बरं व्हायला वेळ आहे."

कातडी बसवून झाली, तोंडातली नळी निघाली; त्यानंतर म्हाळूंनी पहिल्यांदा स्वतःकडं पाहिलं, ते ड्रेसिंगच्या वेळी. साधना सिस्टर चादर धरून उभी होती, पण त्यांनी ती बाजूला सारली. दोन दिवस त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून ठेवली. मग म्हणाले, "मला मरू द्यायचं व्हतं."

"तुम्हाला इचारायला तुम्ही सुदीवर न्हवता," सुषमाबाई म्हणाल्या. "सही मी केली. परत तशीच येळ आली, तर परत करीन."

साधना सिस्टरनं सुषमाबाईंना पट्टी बदलायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातून कापसाचा बोळा खाली पडला. पाचव्या दिवशी पडला नाही.

चाळिसाव्या दिवशी ते घरी आले. मेंढरं दिराकडं दिली होती. म्हाळूंच्या पोटावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. उठून बसलं की पोटाचा मधला भाग खरबुजाएवढा पुढं येई. पट्टा बांधल्याशिवाय चालता येत नव्हतं, बादली उचलायची नव्हती. पाहुणे म्हणत, वाचला हेच लई झालं. म्हाळू सदऱ्याची सगळी बटणं लावून खाली बघत बसत.

वर्षानं पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. जाळी घालून पोट बांधता येईल, पण फुफ्फुसांची ताकद आधी यायला हवी. आणखी सहा महिने थांबा, तरीही धोका आहेच, असं ते म्हणाले. परतताना एसटीत म्हाळूंनी विचारलं, "करायचं का गं?"

"या टायमाला तुम्ही सुदीवर हाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

भांडगावचा फाटा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरायच्या वेळी त्यांनी एवढंच सांगितलं की अजून ठरत नाही, आणि पट्ट्यावर दोन्ही हात दाबून हळूहळू पायऱ्या उतरले.