उलटे बसवलेले पंखे

तिला बाजारात सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या त्या दुकानात पुढे काउंटरवर तिचा मोठा भाऊ बसायचा आणि मागच्या खोलीत ती. भाऊ बोलायचा, ती जोडायची. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "जांभळ्या दिव्यांचे पंखे टाका," की भाऊ "टाकू की!" म्हणून साखर पेरायचा, आणि लगेच मागून आवाज यायचा, "दिवेच हवेत तर दिव्यांची माळ घ्या. पंखा वाऱ्यासाठी असतो!"

पंखे निवडताना तिचं नाक सतत मुरडलेलं. लहान, किंचाळणाऱ्या पंख्यांना तर ती उभंही करायची नाही. मोठा पंखा सावकाश फिरतो, गुपचूप फिरतो आणि वारा भरपूर देतो. काहींनी गार हवा आत ओढायची, काहींनी गरम बाहेर फेकायची, एवढा साधा मामला. वायरी ती मशीनच्या डब्यातल्या पत्र्याच्या मागून न्यायची आणि कापडी पट्ट्यांनी बांधायची, म्हणजे सोडून पुन्हा लावता येतात. भाऊ प्लास्टिकच्या पट्ट्या आवळायचा. त्या कात्रीशिवाय सुटत नाहीत, म्हणून ती त्याला रोज चार शब्द सुनावायची.

घरांचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंसाठी तिने असंच एक मशीन जोडलं. बाई मागच्या खोलीत येऊन तिला म्हणाल्या, "हे नीट चाललं ना, तर आमच्या ऑफिसातली सगळी मशीन्स तुम्हीच जोडायची." भावाला नव्हे, तिला म्हणाल्या. इतक्या वर्षांत एखादं गिऱ्हाईक आत येऊन तिच्याशी बोललं, ते हे पहिलंच. दिवसभर ठिणगी कुणावरही खेकसली नाही.

आठवडाभरात बाई मशीन घेऊन परत आल्या. "जरा मोठं काम लावलं की तापतं आणि बंद पडतं. माझा नकाशा दोनदा उडाला!"

"मागे बहीण जोडते ना," भावाने लगेच हात वर केले. "घाईत काहीतरी चुकलं असेल तिचं."

"मग आमच्या ऑफिसच्या मशीन्सना त्यांनी हात न लावलेलाच बरा," बाई म्हणाल्या.

मागे ऐकणाऱ्या ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाहेर आली, मशीन काउंटरवर सुरू केलं, डब्याची काच काढली आणि बाजूच्या पंख्यांसमोर बाहेरून टिश्यू पेपरची एक पट्टी धरली. पट्टी आत ओढली जायला हवी होती, ती तिच्याच तोंडावर उडाली. एकूण एक पंखा हवा बाहेर फेकत होता. आत घेणारा एकही नव्हता.

पंख्याची दिसायला देखणी बाजू हवा ओढते आणि मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्यांची कुरूप बाजू ती सोडते. बाजूचे पंखे बरोबर बसवले तर काचेतून दांड्याच दिसतात. कुणीतरी ते उलटे करून देखणी तोंडं काचेकडे फिरवली होती, आणि त्यांच्या वायरी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या होत्या.

"हे कुणी फिरवले?" तिने विचारलं. भाऊ मोबाइलमध्ये घुसला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा बसले होते. पूर्वी याच जागेत ते मोटारी दुरुस्त करायचे, आता दिवसभर नुसते बसून असायचे. "बाबा, तुम्ही इथंच असता. सांगा ना."

बाबांनी मुलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी फिरवले," ते म्हणाले. "म्हटलं, दिसायला बरं."

बाबांचे हात थरथरायचे. पाण्याचा पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागायचा. तिच्यावर खापर फुटत होतं तेव्हा हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता, आणि मुलावर यायची वेळ आली तेव्हा त्याला वाचा फुटली. भावावर रागावणं तिला सवयीचं होतं. बाबांवरचा हा राग नवा होता.

तिने मशीन बंद केलं आणि स्क्रूड्रायव्हर बाबांपुढे धरला. "मग लावा परत."

हा दुष्टपणा आहे हे तिला कळत होतं, तरी तिने तो केला. बाबा उठले. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूवरून घसरलं, पत्र्यावर चरा पडला. पुन्हा घसरलं.

"अहो, राहू द्या," बाई म्हणाल्या.

"का? त्यांनी फिरवलेत, तेच लावतील."

तिसऱ्यांदा टोक घसरलं तेव्हा भावाने मोबाइल खाली ठेवला. "बाबा, द्या इकडे. मीच फिरवले होते." त्याने एक पंखा सोडवला, हातात उलटसुलट केला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "कुठली बाजू आत?"

"दांड्या आत," बाबाच हळूच म्हणाले. अजूनही त्यालाच सांभाळून घेत होते.

बाई ठिणगीकडे वळल्या. "चुकलं माझं. ऑफिसची मशीन्स उद्याच पाठवते."

"इथं नको. मी तुमच्याकडे येऊन जोडीन. उद्यापासून." ती आपली हत्यारं पिशवीत भरायला लागली.

"अगं," बाबा घाबरून म्हणाले, "मग इथलं कोण जोडणार?"

"तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "तुम्हाला जमतं ना सगळं. पंखे मी फिरवले, असं आत्ताच तर म्हणालात."