एका रुपयाची पैठणी

माझ्या दुकानातली पहिली पैठणी एका रुपयाला गेली आणि ती विकायला ठेवलेलीच नव्हती.

पारनेरला साड्यांचं दुकान काढलं तेव्हा भांडवल बायकोचं आणि अक्कल सगळी माझी. (भांडवल बरं होतं.) गर्दी खेचायला मी रिक्षावर भोंगा लावून गावोगाव पुकारा केला: 'उद्घाटनाला सगळ्यात आधी येणाऱ्या ताईंना एक पैठणी, फक्त एका रुपयात!' आमच्याकडे पैठणी एकच. वैशालीची, म्हणजे माझ्या बायकोची, लग्नातली. ती आम्ही शोभेसाठी काचेतल्या पुतळ्याला नेसवली होती.

"अहो, पण कुणी खरंच मागितली तर?"

"जाहिरात म्हणजे करार नसतो, वैशाली!" मी म्हणालो. मी कायद्याची दोन वर्षं केली आहेत. (पहिलंच वर्ष, दोनदा.)

उद्घाटनाच्या सकाळी शटर वर केलं, तर पायरीवर माझी सख्खी आत्या! राळेगणहून पहिल्या एसटीने आलेली. मागे तिच्या बचत गटाच्या बायांची ही रांग!

"आत्या! आशीर्वाद द्यायला आलीस?"

"दिला. ह्यो घे रुपया. पैठनी काढ."

मी हसलो. आत्या हसली नाही. रांगही हसली नाही.

"अगं, तू घरची! घरचं माणूस गिऱ्हाईक नसतं."

"भोंग्यावर तसं म्हनला न्हाईस."

मग मात्र मी कायदा काढला. "हे बघ आत्या, जाहिरात म्हणजे नुसतं निमंत्रण असतं—"

पुढचं ऐकायला आत्या थांबलीच नाही. मागे वळून तिने हाळी दिली, "बायांनो, निमंत्रन हाय म्हनतोय! जेवल्याबिगर कुनी हलू नका!"

अख्ख्या रांगेने दुकानात मांडी घातली! "ग्वाड काय हाय?" एकीने विचारलं. "मला शुगर हाय, ग्वाड नको," दुसरी म्हणाली.

एवढ्यात काळा कोट घातलेल्या एक बाई पुढे आल्या. कोर्टात जाता जाता साडी बघायला थांबलेल्या वकील मॅडम! मला हायसं वाटलं.

"मॅडम, सांगा ना यांना. जाहिरात बंधनकारक नसते ना?"

"एरवी नसते," मॅडम म्हणाल्या. "'स्वस्त साड्या मिळतील' म्हणाला असतात, तर ते निमंत्रण. पण तुम्ही कुणाला, काय, केवढ्याला, सगळंच पक्कं सांगितलंत. पहिल्या या आल्या. आता सुटका अवघड आहे. पहिल्याच वर्षाला असतो हा धडा!"

(तेवढाच मी ऑप्शनला टाकला होता. दोन्ही वेळा.)

मी वैशालीकडे पाहिलं. ती काचेत शिरली आणि पैठणी सोडायला लागली. पुतळा उघडा पडला. त्याच्याहून जास्त मी!

"वैशाली, अगं, तुझी लग्नातली..."

"पहिल्याच दिवशी शब्द फिरवला तर या बाया पुन्हा पायरी चढतील का?" तिचा आवाज जरा ओला होता. घडी घालून तिने पैठणी आत्याच्या हातात ठेवली आणि रुपया घेतला.

आत्याने पदर उलगडला, निरखून पाहिला. "पोरी, ही तर तुज्या लग्नातली. हिचा पदर मीच सावरला हुता की!"

"आता तुमची आहे, आत्या."

"माजी झाली न्हवं? मग मी कुनालाबी दीन." असं म्हणून आत्याने ती वैशालीच्या खांद्यांवर पांघरली. "आता मला एक बरीशी सुती दाव. पुऱ्या पैशाची!"

मग काय, बाया गादीवर तुटून पडल्या. "शब्दाचं दुकान हाय गं!" म्हणत एकेकीने दोन-दोन साड्या घेतल्या. वैशाली पैठणी खोचून भराभर घड्या मोडत होती आणि मी मागच्या अंगणात आमटीचं पातेलं ढवळत होतो, कारण जेवणाच्या बाबतीत बचत गट तडजोडीला तयार नव्हता.

पंगत बसली. उशिरा आलेल्या एका आजींना मी भात वाढला.

"आमटी झ्याक झालीय हो, आचारी," त्या म्हणाल्या. "पर दुकानाचं मालक कुटं हायती?"

मी गल्ल्यावरच्या वैशालीकडे बोट दाखवलं आणि आमटी आणायला गेलो.