धुतलेला रणगाडा

"चिखल वाळला का हो?"

शुद्धीत असताना सुमनने मला विचारलेली ही शेवटची गोष्ट. हॉस्पिटलात भेटायची वेळ होती, मी स्टुलावर बसलो होतो. मी म्हटलं, "वाळला. मस्त दिसतोय." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि नाकातली नळी सांभाळत हसली. "तुम्हाला चिखल मस्त दिसतोय? ताप आलाय का तुम्हाला?" मग जरा दम घेऊन म्हणाली, "चाकांच्या मधला काढू नका. ओला वाटला तरी हात लावू नका. दादाच्या तिथीला वहिनी येतील, तोवर होईल सगळं." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन गेली. बायको मरताना मी तिच्याशी खोटं बोललो. चिखल वाळला नव्हता. चिखल नव्हताच. आदल्याच दिवशी मी तो घरी मोरीत बसून साबणाने धुऊन काढला होता.

याला आता दोन महिने होत आलेत. मी सातवी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण तोंडाने कुणाला सांगायला जमत नाही, म्हणून कागदावर उतरवतोय. ज्याला हसायचं त्याने हसावं. एका खेळण्यातल्या रणगाड्यासाठी म्हातारा रडतोय म्हणावं.

खेळणं मीच म्हटलं होतं पहिल्यांदा. दोन वर्षांपूर्वी सुमनचे मोठे भाऊ वसंतदादा वारले. सैन्यात रणगाड्यावर ड्रायव्हर होते ते. सुट्टीवर यायचे तेव्हा चाळीतली पोरं त्यांना लढाईचं विचारायची आणि दादा प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगायचे, तीही लढाईची नव्हे. त्यांचा रणगाडा एकदा नाल्यात रुतला आणि त्याचा लोखंडी पट्टा तुटला. मग चार माणसं दिवसभर चिखलात लोळून पट्टा जोडत होती, आणि चूक कुणाची यावरून एकमेकांना शिव्या घालत होती. "चूक माझीच होती," दादा शेवटी सांगायचे आणि खो खो हसायचे. दादा गेल्यावर सुमनला ही गोष्ट सारखी आठवायची. एक दिवस मोबाईलवर तिने कोणालातरी प्लॅस्टिकचा छोटा रणगाडा जोडताना बघितलं, तुकडा तुकडा चिकटवून अगदी खऱ्यासारखा. मग चार दिवसांनी घरात खोकं आलं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले नखाएवढे शेकडो तुकडे. मी म्हटलं, "सदुसष्टाव्या वर्षी खेळणी मागवलीस?" ती म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर लोकांचे टोप घासलेत. मी कधी काही बोलले?"

खरं आहे ते. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंगवर होतो. अडतीस वर्षं. फिरत्या चाकाला साबण लावायचा, म्हणजे अंघोळीचा नव्हे, पॉलिशचा लाल साबण, आणि त्यावर ताट धरायचं, तोंड दिसेपर्यंत. शेठ ताट हातात घेऊन स्वतःच्या मिशा बघायचा. मिशा नीट दिसल्या तर माल पास. संध्याकाळी घरी आलो की नाकातून काळं निघायचं, पण ताट चकाकलं पाहिजे एवढंच डोक्यात बसलेलं. निवृत्त झाल्यावरही हात थांबले नाहीत. आमच्या घरचा नळ, दाराची कडी, गॅसची शेगडी, सगळ्यात तोंड दिसतं. सुमन म्हणायची, "देवाला घाबरत नाही इतकी मी तुमच्या फडक्याला घाबरते."

तर ती खिडकीजवळच्या टेबलावर बसायची आणि जोडायची. आम्हाला मूलबाळ नाही, दुपारी घर शांत असायचं. नेलकटरने तुकडा सोडवायचा, काचकागदाने त्याची कड घासायची, चिमट्याने धरून गोंदाचा थेंब लावायचा. तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, चहाचा कप धरताना हलायची, पण चिमटा धरला की हलायची नाहीत. कशी, ते मला कळलं नाही. पट्ट्याची एक एक कडी वेगळी होती. एका बाजूच्या पट्ट्याला तिला तीन आठवडे लागले आणि दुसऱ्या बाजूचा तिने मुद्दाम तुटका ठेवला. वीतभर लांबीचा रणगाडा, प्लायच्या फळीवर नाला, आणि भोवती करंगळीच्या पेराएवढी चार माणसं. त्यातला एक कमरेवर हात ठेवून उभा, तो दादा. याला डायोरामा म्हणतात, असं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे गणपतीत मंडळवाले करतात तसा देखावा. "तसाच," ती म्हणाली, "फक्त याच्यापुढे कुणी नाचत नाही." तिचा हा पहिलाच होता आणि तो वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, दादांच्या तिथीला दाखवायचा होता. वहिनींना त्यातलं काही माहीत नव्हतं. एवढ्यासाठीच सगळं चाललं होतं.

मीही मदत केली, नाही असं नाही. चेण्याच्या नदीकाठी जाऊन पिशवीभर माती आणली, ती तिने चहाच्या गाळणीने गाळली. मला वाटलं माती नाल्याच्या जमिनीसाठी. केबिन रोडवर रंग आणायला दोघं गेलो होतो. तिने दुकानदाराला सांगितलं, चमक नसलेला रंग द्या. तो हसला. "आंटी, सब लोग चमकवाला मांगते हैं. आपको बिना चमक का क्यों चाहिये?" सुमन म्हणाली, "जो चीज कीचड में है वो चमकेगी कैसे, भैया?" मी शेजारी उभा होतो. हे माझ्या कानांनी ऐकलंय. ऐकून काय उपयोग, डोक्यात शिरलं नाही.

त्या सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो होतो. परत आलो तर सुमन टेबलाखाली पडलेली. मातीचा वाडगा उपडा, फरशीवर चिखल, तिच्या साडीवर चिखल, आणि टेबलावरचा रणगाडा खालून चिखलाने भरलेला. रिक्षा, हॉस्पिटल, कागदपत्रं... डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, दोन दिवस बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला घरी आलो. फरशी पुसली, आणि मग रणगाडा बघितला. माझ्या डोक्यात एकच आलं, की ती पडली तेव्हा वाडगा यावर सांडला आणि बिचारीची वर्षभराची मेहनत घाण झाली. ती घरी येऊन हे बघेल तर तिथेच खचेल. मी रणगाडा फळीवरून सोडवून मोरीत नेला आणि साबणाच्या पाण्यात भिजत घातला. मऊ झाल्यावर दात घासायच्या ब्रशने एक एक चाक साफ केलं. माती सहज निघेना. सांडलेली माती इतकी चिकट कशी, चाकांच्या मध्येच इतकी बरोबर कशी बसली, वर तोफेवर एक थेंबही कसा नाही... यातलं काही माझ्या मनात आलं नाही. खरवडून काढली. मलमलच्या फडक्याने पुसला. तरी तो मला मेलेला, निस्तेज वाटला. म्हणून रंगाच्या त्याच दुकानात परत जाऊन लॅकरचा, म्हणजे वरून चमक आणणाऱ्या रंगाचा, स्प्रे आणला आणि दोन हात मारले. काय चकाकला! खिडकीतला उजेड त्याच्यावर सरकत होता. मला वाटलं, सुमन खूश होईल. अडतीस वर्षांची माझी कला आज तिच्या कामी आली, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो तो त्याच खुशीत, आणि मी तोंड उघडायच्या आधी तिने चिखलाचं विचारलं.

तेव्हा मला कळलं. वाडगा सांडायच्या आधीच तिचं काम झालं होतं. तो चिखल म्हणजेच तिचा देखावा होता. नाला, रुतलेली चाकं, दादांची चूक, सगळं त्याच चिखलात होतं. मी खोटं बोललो ते तिला धक्का बसू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. पण खरं सांगू? मी घाबरलो. वाटलं, ती यायच्या आत कसंतरी परत लावून टाकीन, तिला कळणारही नाही. मला एक आठवडा हवा होता. एक दिवससुद्धा मिळाला नाही.

तेराव्यानंतर मी लावायला बसलो. माती गाळली, पांढरा गोंद घातला, कालवलं. लावला, वाळला, आणि पापडासारखा सुटून खाली पडला. लॅकरवर काही धरत नाही, हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं, माझाच धंदा. परत लावला, परत पडला. एका दुपारी तर मी मोरीची जाळी काढून आत हात घातला. तिच्या चिखलातलं काही अडकलं असेल म्हणून. केस आले, साबणाचा लगदा आला, भाताची शितं आली. माती नव्हती. खाडीला गेली असणार. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो, हात कोपरापर्यंत घाण... अडतीस वर्षांत ते हात मी इतके घाण राहू दिले नव्हते.

शेवटी काचकागद घेतला. ज्या हातांनी आयुष्यभर ओरखडे घालवले त्याच हातांनी ओरखडे पाडायला बसलो. चकाकी घालवताना हात घसरला आणि पुढच्या दिव्यावरची जाळी तुटली, तांदळाच्या दाण्याएवढी. ती सुमनने दोन दिवस खपून बसवली होती. खूप शोधली. मिळाली नाही.

तिथीला वहिनी विरारहून आल्या. पान वाढायच्या आधी मी त्यांना टेबलाजवळ नेलं. ओरखडलेला, अर्धा चकाकणारा रणगाडा, कोरडी जमीन, चार माणसं. त्या कमरेवर हात ठेवलेल्या माणसाकडे वाकून बघत राहिल्या. "हे उभे असेच राहायचे," म्हणाल्या, "स्वतः चूक करून दुसऱ्याला कामाला लावायचे." मग विचारलं, "पण भावोजी, नाला ना हा? मग हा असा धुतलेला का?"

मी सगळं सांगितलं. हॉस्पिटलातल्या खोट्यासकट. सांगून झाल्यावर वाटलं, त्या आता म्हणतील जाऊ दे, झालं गेलं. तसं काही म्हणाल्या नाहीत. "वाईट केलंत," म्हणाल्या. "पण तुम्ही वाळला म्हणालात म्हणून तिने मरताना चिखल वाळलेला बघितला. डोळ्यांनी नाही, पण बघितला." मग पदर खोचून म्हणाल्या, "माती कुठेय?"

वहिनींनी ब्रशला हात लावला नाही. अंगठ्याने चिखल उचलला आणि चाकांत कोंबला, जसं भाकरीचं पीठ थापतात तसा. मीही अंगठा बुडवला. आम्ही दोघं म्हातारे लिंपत होतो, स्वयंपाक निवला तरी. या वेळी चिखलाने धरलं, ओरखड्यांवर नीट धरलं. पण खूप जाड झालाय. सुमनने इतका जाड लावला नसता. तिने कुठे पातळ, कुठे दाट, कुठे नुसता शिंतोडा, असं काहीतरी केलं होतं, आणि ते बघितलेला माणूस मी एकटाच. मी बघितलं तेही धुण्यापुरतं. कितीही डोकं ताणलं तरी मला ते आठवत नाही. हा चिखल वहिनींचा आहे, माझा आहे. सुमनचा नाही.

वहिनी गेल्या. रणगाडा टेबलावर आहे. खिडकीतून वारा आला की त्याच्यावरची थोडी थोडी माती टेबलावर गळते. फडकं बाजूलाच असतं. मी पुसत नाही... आता पुसत नाही.